पहिलं सोल्डरिंग किट म्हणून दोन अंकी डिजिटल काउंटर: आकडा वाचून कच्चा सांधा शोधणं

सांधेजोड (धागाकर्ता)

सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने (सोल्डरने) भाग बोर्डाला जोडणं, शिकायला निघालेल्याला बहुतेक जण लुकलुकणाऱ्या एलईडीचं किट सुचवतात. भाग मोजके, सांधे थोडे, काम लवकर होतं. मी मात्र विचारणाऱ्या प्रत्येकाला दोन अंकी डिजिटल काउंटर घ्या म्हणून सांगतो. त्यामागचं कारण एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

लुकलुकणारं किट एक तर चालतं, नाही तर चालत नाही. चाललं नाही की शिकणारा बोर्डाकडे नुसता बघत बसतो, कारण दोष कुठे आहे ते कळायला काही मार्गच नसतो. काउंटरमध्ये प्रत्येक अंकाला सात रेघा असतात आणि प्रत्येक रेघेचा चिपपासून डिस्प्लेपर्यंत स्वतंत्र रस्ता असतो. एक सांधा कच्चा राहिला की नेमकी एक रेघ गायब होते. शेजारच्या दोन सांध्यांमध्ये सोल्डरचा पूल झाला की दोन रेघा जोडीने वागायला लागतात. आकडा नीट बघितला की कुठल्या सांध्यावर आयर्न (सोल्डर वितळवायचं तापतं हत्यार) टेकवायचं ते कळतं.

मी ज्या किटबद्दल बोलतोय त्यात साधारण एवढं असतं: सीडी ४०२६ या दोन चिप, एक ५५५ टायमर, कॉमन कॅथोड जातीचे (सगळ्या रेघांची मायनस बाजू एकत्र) दोन सेव्हन सेगमेंट डिस्प्ले, १ किलोओहमचे चौदा रेझिस्टर (करंट रोखणारे भाग), इतर किमतींचे काही रेझिस्टर, मोजणीचं एक बटण, रीसेटचं एक बटण, काही कपॅसिटर आणि ९ व्होल्टच्या बॅटरीची टोपी. बटण दाबलं की आकडा एकने वाढतो, ०० पासून ९९ पर्यंत. ४०२६ ही चिप मोजणीही करते आणि मोजलेला आकडा सात रेघांच्या भाषेत स्वतःच बाहेर देते, त्यामुळे वेगळा डीकोडर लागत नाही. किट घेताना १ किलोओहमचे रेझिस्टर खरंच चौदा आहेत का ते पाहा. काही किटमध्ये प्रत्येक डिस्प्लेच्या कॉमन पिनला एकच रेझिस्टर देऊन काम भागवलेलं असतं. मग सगळ्या रेघांना तोच करंट वाटून घ्यावा लागतो, १ झगझगीत दिसतो आणि ८ मंद. शिकण्याच्या दृष्टीनेही ते वाईट, कारण रेघेगणिक रस्ता वेगळा राहत नाही.

जोडणीचा क्रम: बोर्ड उलटा केल्यावर भाग खाली पडू नयेत म्हणून बुटके आधी, उंच नंतर. पहिल्यांदा रेझिस्टर, मग आयसी सॉकेट, सिरॅमिक कपॅसिटर, बटणं, डिस्प्ले, शेवटी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि बॅटरीच्या वायरी. चिप थेट बोर्डाला सोल्डर करायची नाही, ती सॉकेटमध्येच बसवायची. आणि हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: चिप लगेच बसवायची नाही.

सगळे सांधे झाले, सॉकेट रिकामी आहेत, अशा वेळी बॅटरी जोडा. ४०२६ च्या सॉकेटमध्ये १६ नंबरच्या भोकात प्लस आणि ८ नंबरच्या भोकात मायनस आलं पाहिजे, ते मल्टिमीटरने बघून घ्या. मग वायरचा एक छोटा तुकडा घ्या, एक टोक १६ च्या भोकात खोचा आणि दुसरं टोक एकेका आउटपुटच्या भोकाला लावत चला. १० ला लावलं की वरची आडवी रेघ ए पेटेल, मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने १२ ला बी, १३ ला सी, ९ ला डी, ११ ला ई, ६ ला एफ आणि ७ ला मधली जी. आठ नंबरच्या भोकाला मात्र ते टोक लावू नका, तिथे बॅटरी शॉर्ट होईल. दोन्ही सॉकेट मिळून चौदा वेळा टोक लावलं की चौदा रस्ते तपासून होतात. एक पेटली नाही तर त्या रस्त्यावरचे मोजके सांधे बघायचे: सॉकेटची पिन, रेझिस्टरची दोन टोकं, डिस्प्लेची पिन. एकाच वेळी दोन पेटल्या तर पूल शोधायचा.

हे झाल्यावरच बॅटरी काढून चिप बसवायच्या, खाच सॉकेटच्या खाचेकडे ठेवून. ही तपासणी बोर्डाला रेझिस्टर असतील तरच करायची. नसतील तर वायरऐवजी हातात १ किलोओहमचा रेझिस्टर धरा, नाही तर एलईडी थेट ९ व्होल्टवर जाऊन मरेल.

नवी_कारागीर

खूप छान लिहिलंत, धन्यवाद. मी अगदीच नवीन आहे, म्हणून दोन मूलभूत प्रश्न. रेझिस्टर सगळे सारखेच दिसतात, त्यातून १ किलोओहम, १० किलोओहम आणि १०० किलोओहम कसे ओळखायचे? आणि कॉमन कॅथोड डिस्प्लेऐवजी चुकून कॉमन अ‍ॅनोड आला असेल तर तो जळेल का?

सांधेजोड

नवी_कारागीर, चार पट्ट्यांचे असतील तर १ किलोओहम म्हणजे तपकिरी-काळा-लाल, १० किलोओहम म्हणजे तपकिरी-काळा-नारिंगी आणि १०० किलोओहम म्हणजे तपकिरी-काळा-पिवळा. चौथी पट्टी टॉलरन्सची, म्हणजे किंमत किती इकडेतिकडे असू शकते त्याची. निळ्या अंगाचे, पाच पट्ट्यांचे असतील तर हिशेब एका घराने सरकतो: १ किलोओहम तपकिरी-काळा-काळा-तपकिरी, १० किलोओहम तपकिरी-काळा-काळा-लाल. म्हणजे चार पट्ट्यांत जो लाल १ किलोओहमचा, तोच पाच पट्ट्यांत १० किलोओहमचा. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी ओळखणं कठीण जातं. म्हणून सोल्डर करण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजून कागदावर गट करून ठेवा. एखाद्या रेघेच्या वाटेवर चुकून १०० किलोओहम बसला तर ती रेघ जवळजवळ दिसतच नाही, आणि तुम्ही उगाच चांगले सांधे उकरत बसाल.

डिस्प्ले उलट जातीचा आला तर जळणार नाही, पण पेटणारही नाही. ४०२६ पेटवायच्या रेघेला प्लस देते आणि कॉमन पिन मायनसला असते. कॉमन अ‍ॅनोडमध्ये आतले एलईडी उलटे असल्यामुळे त्यांतून करंट जातच नाही. बोर्डावर बसवण्याआधी मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तपासा. नेहमीच्या दहा पिनांच्या डिस्प्लेत वरची मधली आणि खालची मधली या दोन्ही कॉमन असतात, आतून एकमेकींना जोडलेल्या. काळा प्रोब मधल्या पिनेवर आणि लाल प्रोब इतर पिनांवर फिरवला असता रेघा पेटल्या तर कॉमन कॅथोड. बसवताना दशांश टिंब खाली उजवीकडे.

जुना_रेडिओ

धागा उत्तम. दुरुस्तीच्या कामात आयुष्य गेलं आहे, म्हणून सांध्याबद्दल थोडं लिहितो. यंत्राची माहिती लोकांना सहज मिळते, हाताची सवय मात्र कोणी नीट सांगत नाही.

नवीन माणूस सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवतो आणि तो थेंब सांध्यापर्यंत वाहून नेतो. तेवढ्यात सोल्डरच्या पोटातला फ्लक्स जळून जातो. फ्लक्सचं काम धातूवरचा गंज खाऊन टाकायचं, तो गेला की सोल्डर पिनेला धरत नाही, नुसता वर गोळा होऊन बसतो. म्हणून आयर्न पिन आणि पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) या दोघांना एकदम टेकवायचं, सेकंदभर थांबायचं आणि सोल्डरची तार आयर्नला न लावता सांध्याला लावायची. सांधा पुरेसा तापला असेल तर सोल्डर आपोआप आत ओढला जातो. आधी तार काढायची, मग आयर्न, आणि सोल्डर गोठेपर्यंत पिन हलू द्यायची नाही. एका सांध्याला दोन-तीन सेकंद पुरतात. त्याहून फार वेळ लागत असेल तर टोक काळं पडलंय.

टोक काळं पडलं तर पितळेच्या जाळीत घासा आणि लगेच त्यावर ताजं सोल्डर चढवा. काम संपल्यावरही टोकावर सोल्डरचा थर ठेवूनच आयर्न बंद करा. कानस मात्र लावू नका. पूर्वीची टोकं निव्वळ तांब्याची असत, ती आम्ही घासत असू. आताच्या टोकांवर लोखंडाचा मुलामा असतो, तो एकदा गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि टोकाला खड्डा पडतो.

सोल्डर घेताना शिकणाऱ्याने ६३/३७ घ्यावं. त्यात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असतं, ते १८३ अंशांवर एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० ला मध्ये थोडा वेळ लापशीसारखी अवस्था असते. तेवढ्यात पिन हलली की सांधा दाणेदार होतो. तार ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. आयर्नचं तापमान बदलता येत असेल तर ३२० ते ३५० अंशांच्या दरम्यान ठेवा.

पायरीपायरीने

काका, शिशाबद्दल वाचून थोडी काळजी वाटली. माझी अकरा वर्षांची मुलगी हे किट करायचं म्हणतेय. शिसं नसलेलं सोल्डर द्यावं का? आणि धूर निघतो त्यात शिसं असतं का?

जुना_रेडिओ

ताई, काळजी योग्य आहे, पण धोका कुठे आहे ते नीट बघू. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही म्हटलं तरी चालेल, त्याला फार जास्त तापमान लागतं. तो धूर फ्लक्समधल्या राळेचा असतो. तोही निरुपद्रवी नाही. राळेच्या धुराने श्वसनमार्गाला त्रास होतो आणि वारंवार नाकात गेला तर दमा जडू शकतो. म्हणून खिडकी उघडी ठेवा, एक छोटा पंखा असा लावा की तो धूर तोंडापासून बाजूला ओढून नेईल, आणि मुलीला सांध्यावर वाकून काम करू देऊ नका.

शिसं पोटात जातं ते हातावरून. काम करताना खाणं-पिणं नाही, तार दातात धरायची नाही, काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे आणि टेबल ओल्या फडक्याने पुसायचं. मुलांच्या बाबतीत शिशाचा कुठलाच संपर्क चांगला नाही, तेव्हा बिनशिशाचं घ्यावंसं वाटत असेल तर खुशाल घ्या. ते साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतं, म्हणून आयर्न थोडं जास्त तापवावं लागतं. त्याचा चांगला सांधासुद्धा जरा निस्तेज दिसतो. फक्त चमक बघून सांधा कच्चा ठरवू नका. सोल्डर पॅडवर पसरून पिनेवर चढलंय का, ते बघा.

आणि एक. पिनांची वाढीव टोकं कापताना तुकडा गोळीसारखा उडतो. चष्मा हवाच, मुलीला आणि शेजारी बसणाऱ्यालाही. कापताना बोटाने टोक धरून ठेवायची सवय लावा.

शून्य_ते_नऊ

मी इंजिनिअरिंगला आहे, थोडा वेगळा सूर लावतो. हे सगळं आज एका मायक्रोकंट्रोलरने (प्रोग्रॅम घालता येणाऱ्या चिपने) होतं. एक चिप, दोन डिस्प्ले, रेघा दोघांमध्ये वाटून आळीपाळीने पेटवल्या की सात रेझिस्टर पुरतात. बटणाचं डीबाउन्सही (एका दाबण्याचे अनेक मोजले जाऊ नयेत याची सोय) प्रोग्रॅममध्ये करता येतं. ४०२६ ज्यातली, ती ४००० मालिका १९६८ ची. नवीन मुलांना जुन्या चिप शिकवण्यात वेळ घालवण्यापेक्षा पुढे लागेल ते शिकवावं असं मला वाटतं.

सांधेजोड

शून्य_ते_नऊ, तुमचा मुद्दा उत्पादनासाठी शंभर टक्के बरोबर आहे. चार-सहा अंकांचं काही बनवायचं असेल तर मीही मायक्रोकंट्रोलरच घेईन. पण सोल्डरिंग शिकताना मला दोष एकाच जागी असायला हवा आहे. आळीपाळीने पेटवलेल्या डिस्प्लेत एक सांधा गेला की दोन्ही अंकांतली तीच रेघ जाते. वर शंका उरतेच की प्रोग्रॅम चुकला, चिपमध्ये गेलाच नाही की सांधा कच्चा आहे. नवशिक्याने तीन ठिकाणी शोधायचं, आणि तिन्ही त्याला नवीन. इथे ४०२६ ची प्रत्येक पिन एकच काम करते आणि त्या कामाचा परिणाम डोळ्यांना दिसतो. पिन १ ला येणारा सिग्नल खालून वर गेला की आकडा वाढतो. पिन २ मायनसला असेल तरच मोजणी चालते. पिन ३ प्लसला असेल तरच डिस्प्ले पेटतो. पिन १५ ला प्लस मिळालं की आकडा शून्य. एवढं समजलं की मुलगी मल्टिमीटर घेऊन स्वतः शोध घेऊ शकते, शेजारी कॉम्प्युटर लागत नाही. मायक्रोकंट्रोलर तिने दुसऱ्या किटला शिकावा. तोवर हात बसलेला असेल.

शून्य_ते_नऊ

दोष एकाच जागी हवा, हे पटलं. मग एक विचारतो: बटण आणि ४०२६ च्या मध्ये ५५५ कशाला? बटण थेट पिन १ ला का नाही?

सांधेजोड

बटण दाबलं की आतले पत्रे एकदा टेकून थांबत नाहीत, काही मिलिसेकंद थरथरतात. माणसाला ते एक दाबणं वाटतं, ४०२६ ला ते चार-पाच वाटू शकतं. मग आकडा १२ वरून थेट १६ वर जातो. ५५५ इथे मोनोस्टेबल म्हणून जोडलेला असतो. पहिला स्पर्श झाला की तो ठरावीक वेळ आउटपुट वर धरून ठेवतो आणि मधल्या थरथरीकडे लक्ष देत नाही. वेळ मिळते १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. १०० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरॅड असतील तर ०.११ सेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम नऊ आकडे मोजता येतात, बोटाला ते पुष्कळ झाले.

शिकणाऱ्याला हे दाखवायचं असेल तर सगळं चालू झाल्यावर बॅटरी काढा, ५५५ सॉकेटमधून बाहेर घ्या, सॉकेटच्या २ आणि ३ नंबरच्या भोकांमध्ये वायर घाला आणि बॅटरी पुन्हा जोडून बटण दाबून बघा. आता बटण थेट पहिल्या ४०२६ ला जोडलं गेलं. आकडा कशा उड्या मारतो ते एकदा पाहिलं की डीबाउन्स म्हणजे काय ते विसरत नाही.

जुना_रेडिओ

५५५ चा विषय निघालाच आहे म्हणून. हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ मध्ये तो आखला आणि १९७२ मध्ये तो बाजारात आला. एवढ्या वर्षांनंतर तो अजून नवीन किटमध्ये बसतोय, याचा मला मनापासून आनंद होतो. मात्र एक खोड लक्षात ठेवा. साधा बायपोलर ५५५ आउटपुट बदलताना क्षणभर जोरात करंट ओढतो आणि बॅटरीची रेषा हलते. त्या धक्क्याने ४०२६ उगाच एखादा आकडा मोजू शकते. म्हणून ५५५ च्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक, ज्यावर १०४ लिहिलेलं असतं, आणि शेजारी १०० मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक हवाच. इलेक्ट्रोलिटिकचा लांब पाय प्लस, पट्टीची बाजू मायनस.

पायरीपायरीने

मुलीचं किट झालं! चिप बसवण्याआधीची ती चौदा रेघांची तपासणी तिला इतकी आवडली की तिने मला बाजूला बसवून एकेक रेघ पेटवून दाखवली. उजव्या अंकातली जी पेटत नव्हती, डिस्प्लेच्या बाजूचा सांधा पुन्हा तापवल्यावर पेटली. तो दोष तिचा तिने शोधला.

एक शंका: बटण दाबून धरलं आणि हळूच सोडलं तर सोडतानाही कधी कधी एक आकडा वाढतो. पटकन दाबून सोडलं तर नाही.

सांधेजोड

तिचं माझ्याकडून मनापासून अभिनंदन करा. आणि हे निरीक्षण फार चांगलं आहे.

बटण ०.११ सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाबून धरलं की ५५५ ची ठरलेली वेळ संपून गेलेली असते. आउटपुट फक्त ट्रिगर (५५५ ची पिन २, जिथे बटण येतं) खाली धरलाय म्हणून वर राहिलेलं असतं. बटण सोडताना पत्रे पुन्हा थरथरतात: ट्रिगर वर जातो, आउटपुट खाली येतं, थरथरीत ट्रिगर परत खाली जातो, आउटपुट पुन्हा वर. ४०२६ ला तो नवा आकडा वाटतो. उपाय सोपा आहे. बटणाच्या दोन टोकांवर एक कपॅसिटर लावा. ५५५ च्या पिन २ ला प्लसकडे ओढणारा रेझिस्टर १०० किलोओहमचा असेल तर ०.१ मायक्रोफॅरॅड, १० किलोओहमचा असेल तर १ मायक्रोफॅरॅड. दोन्हीकडे गुणाकार १० मिलिसेकंदच येतो. मग बटण सुटल्यावर ट्रिगर सावकाश वर चढतो आणि तोवर थरथर संपलेली असते. बोर्डाच्या मागच्या बाजूने बटणाच्या पिनांवरच तो सोल्डर करता येईल, तिला सरावही होईल.

नवी_कारागीर

माझंही किट जोडून झालं, पण एक विचित्र प्रकार चाललाय. मोजणी व्यवस्थित, ०९ नंतर १० येतात, सगळ्या रेघा पेटतात. रीसेट दाबलं की उजवा अंक शून्य होतो, डावा मात्र तसाच राहतो. एवढंच असतं तर समजलं असतं. पण ३२ असताना रीसेट दाबलं तर ३० येतात आणि ३७ असताना दाबलं तर ४०! शिवाय डाव्या चिपजवळ बोट नेलं की कधी कधी डावा अंक आपोआप शून्य होतो. चिप खराब आहे का?

शून्य_ते_नऊ

रीसेटने आकडा वाढतोय? असं कसं? मला तर बटणाची थरथर वाटते.

सांधेजोड

नवी_कारागीर, चिप चांगली आहे. तुम्ही ३२ आणि ३७ दोन्ही लिहिलेत म्हणून दोष एका पिनेपर्यंत येऊन थांबतो. डाव्या ४०२६ ची पिन १५.

उजव्या चिपची पिन ५ म्हणजे कॅरी, हातचा. ती ० ते ४ आकड्यांना वर असते आणि ५ ते ९ ला खाली. ९ वरून ० वर जाताना ती खालून वर येते आणि तोच सिग्नल डाव्या चिपला एक आकडा पुढे ढकलतो. आता ३७ असताना रीसेट दाबलं तर उजवा ७ वरून ० वर गेला, म्हणजे कॅरी खालून वर आली. डाव्या चिपला कळणार कसं की हे रीसेट आहे, खरा हातचा नाही? तिने एक मोजला, ३ चे ४ झाले. ३२ असताना कॅरी आधीच वर होती, काही बदललं नाही, म्हणून ३० आले. एरवी डाव्या चिपलाही त्याच क्षणी रीसेट मिळतो आणि हा हातचा पुसला जातो. तुमच्या बोर्डावर तो तिच्यापर्यंत पोचत नाहीये.

बोट जवळ नेल्यावर शून्य होतो, याचाही अर्थ तोच. ४०२६ सारख्या सीमॉस जातीच्या चिपचा इनपुट मोकळा लटकत राहिला की बोटातून आलेली विजेच्या वायरिंगची गुणगुणही त्याला सिग्नल वाटते.

बॅटरी काढा, डावी चिप सॉकेटमधून अलगद वर घ्या, मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक प्रोब सॉकेटच्या १५ नंबरच्या भोकात, दुसरा उजव्या सॉकेटच्या १५ मध्ये. बीप नाही आला तर सॉकेटच्या मागचा सांधा पुन्हा तापवा, किंचित ताजं सोल्डर देऊन. बीप आला तर चिपची ती पिन सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडली गेली आहे का ते बघा. नवीन चिपच्या पिना थोड्या फाकलेल्या असतात, त्यामुळे हे फार वेळा होतं. बसवण्याआधी चिपची एक बाजू टेबलावर टेकवून सगळ्या पिना एकदम थोड्या आत वळवून घ्यायच्या.

नवी_कारागीर

बीप आला नाही! भिंगातून पाहिलं तर सोल्डर पिनेभोवती गोल बसलं होतं, पण पॅडला चिकटलेलंच नव्हतं, मध्ये काळी फट. पुन्हा तापवून थोडं सोल्डर दिलं. आता रीसेटने दोन्ही शून्य होतात, कुठलाही आकडा असो. इतक्या लांबून पिनेचा नंबर सांगितलात, फार फार आभार.

जुना_रेडिओ

ती काळी फट म्हणजे पिन तापली, पॅड थंड राहिलं. टोकाची चपटी बाजू पॅडवर टेकवा, अणी नको. मायनसच्या पिनांना जरा जास्त वेळ द्यावा लागेल, तिथलं तांबं मोठं असतं आणि उष्णता पळवतं.

शून्य_ते_नऊ

थरथरीचा माझा अंदाज चुकीचा होता. कॅरीचा उलगडा वाचून मीही एक किट जोडायला घेतलं आहे. पण मला पुढे जाऊन सेकंद मोजायचे आहेत, म्हणजे ५९ नंतर ००. ४०२६ बायनरी आउटपुट देत नाही, मग डावा अंक ६ ला पोचला हे ओळखायचं कशावरून?

सांधेजोड

रेघांवरूनच. ई रेघ पेटते ती फक्त ०, २, ६ आणि ८ या आकड्यांत. बी रेघ विझते ती फक्त ५ आणि ६ मध्ये. ई पेटलेली आणि बी विझलेली असा एकच आकडा उरतो, ६. तेव्हा डाव्या चिपची पिन १२ एका नॉट गेटमधून (सिग्नल उलटा करणाऱ्या) घ्या, पिन ११ सोबत तिला अँड गेटमध्ये (दोन्ही वर असतील तरच वर जाणाऱ्या) घाला आणि ते आउटपुट डाव्या चिपच्या रीसेटला द्या. उजवा अंक त्या क्षणी ० वरच असतो, त्याला हात लावायची गरज नाही. डाव्या चिपचा रीसेट मात्र बटणापासून सोडवून घ्या आणि बटण व हे आउटपुट दोन डायोडमधून पिन १५ ला जोडा, पिन १५ वरून मायनसला १० किलोओहम. उजव्या चिपचा रीसेट बटणावरच राहू द्या, तिथला खाली ओढणारा रेझिस्टर काढू नका. सिग्नल ४०२६ च्या पिनेवरूनच घ्या, रेझिस्टरच्या पलीकडून नको, तिथे एलईडी व्होल्टेज खाली ओढून ठेवतो.

सेकंदाचा ठोका ५५५ वरून घेतलात तर तापमानाबरोबर घड्याळ मागे-पुढे होईल. ३२७६८ हर्ट्झचा क्रिस्टल आणि सीडी ४०६० घ्या. ३२७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. ४०६० चौदा वेळा निम्मं करते, म्हणून २ हर्ट्झ मिळतात. पुढे एक फ्लिप-फ्लॉप (आणखी एकदा निम्मं करणारा) लावला की १ हर्ट्झ. ५ व्होल्टवर चालवायचा विचार असेल तर चालेल, पण ४०२६ चे आउटपुट तिथे फार थोडा करंट देतात आणि अंक मंद दिसतात. मी ९ व्होल्टच ठेवीन.